रोझात्सोचा मठ आणि विस्मृतीत गेलेल्या काळ्या द्राक्षवेली

वेदीवर अर्पण होणारा द्राक्षारस कोणत्या जातीच्या वेलीचा असावा, याविषयी ख्रिस्तसभेचा कोणताही नियम नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यातील ९२४ वे कलम एवढेच मागते की, तो द्राक्षफळापासून झालेला, नैसर्गिक आणि न नासलेला असावा. रंगाचीदेखील अट नाही. वेदीवरच्या शुभ्र वस्त्रांवर डाग पडू नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणी पांढराच द्राक्षारस वापरतात. असे असता, युरोपातील अमुक एक द्राक्षजात ‘मठवासीयांनी जपली’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचतो की, ते कितपत खरे आहे हे विचारण्याचे भान राहत नाही. आम्हांलाही ते राहिले नव्हते.

२०२५ च्या ज्युबिली वर्षात वसईहून निघालेल्या एका यात्रेबरोबर आम्ही रोम आणि पादुआ केले. पादुआला संत अंथनींच्या कबरीचे दर्शन झाल्यावर यात्रा व्हेनिसकडे वळली आणि आम्ही तिघांनी दोन दिवसांची रजा घेऊन आगगाडीने उदिने गाठले. तेथील महाधर्मप्रांतात सेवा करणारे एक भारतीय धर्मगुरू आमच्या ओळखीचे. त्यांनी आम्हांला मोटारीत घालून पूर्वेकडच्या टेकड्यांत नेले, आणि या लेखाचा विषय तेथे सापडला. मद्यपानाने आपल्या गावांतील किती घरे धुळीस मिळवली हे आम्ही पाहिलेले आहे. येथे मद्याची महती गाण्याचा हेतू नाही. विषय वेलींचा आहे.

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील या प्रदेशाला फ्रिउली म्हणतात. उत्तरेस आल्प्स, दक्षिणेस एड्रियाटिक समुद्र आणि पूर्वेस स्लोव्हेनिया. लोकांची घरची भाषा इटालियन नव्हे, तर फ्रिउलान. ख्रिस्ती इतिहासात या भूमीचे स्थान मोठे आहे. समुद्राजवळचे आक्विलेया हे रोमन साम्राज्यातील एक प्रमुख नगर, तेथे इ. स. ३८१ मध्ये भरलेल्या परिषदेत मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी पुढाकार घेतला होता. पुढे आक्विलेयाच्या धर्माध्यक्षांना ‘पेट्रिआर्क’ ही पदवी मिळाली आणि मध्ययुगात ते या प्रदेशाचे राजेही झाले. १४२० मध्ये व्हेनिसने त्यांची राजसत्ता संपवली, आणि १७५१ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी पेट्रिआर्कपीठच विसर्जित करून त्याच्या जागी उदिने आणि गोरित्सिया अशी दोन महाधर्मप्रांते स्थापली. इतक्या पुरातन पीठाचा असा शेवट व्हावा याचे आम्हांला नवल वाटले. पण ते पीठ व्हेनिस आणि ऑस्ट्रिया या दोन सत्तांच्या ओढाताणीत सापडले होते.

उदिनेहून आग्नेयेस एका टेकडीवर रोझात्सोचा मठ आहे. इ. स. ८०० च्या सुमारास अलेमानो नावाच्या एका एकांतवासी साधकाने येथे पर्णकुटी बांधली, अशी परंपरा सांगते. मग मठ उभा राहिला आणि १०९१ मध्ये तो बेनेडिक्ट संघाकडे आला. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतील चाळिसावा अध्याय मद्याविषयीच आहे. मठवासीयांनी ते घेऊ नये हे उत्तम, पण आजकाल त्यांना हे पटवता येत नाही, असे काहीशा नाइलाजाने मान्य करून तेथे प्रत्येकास दररोजचे एक बेताचे माप ठरवून दिलेले आहे. वेदीसाठी लागणारा द्राक्षारस तो केवढा! मठांनी डोंगरउतार द्राक्षमळ्यांखाली आणले ते मुख्यतः या रोजच्या मापासाठी, पाहुण्यांच्या सरबराईसाठी आणि कुळांकडून येणाऱ्या खंडासाठी. हे सांगितल्याने मठांचे मोठेपण कमी होते असे आम्हांस वाटत नाही. जमीन कसणारी आणि हिशेब ठेवणारी ती एक संस्था होती, आणि शेतीच्या बाबतीत सातत्य हीच मोठी गोष्ट असते.

ते का, हे समजण्यासाठी वेलीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. द्राक्षाची बी पेरली तर मूळ जात उगवत नाही. आंब्याच्या कोयीप्रमाणे काहीतरी वेगळेच निपजते. जात टिकवायची तर हिवाळी छाटणीत काढलेली काडी लावावी लागते, किंवा दुसऱ्या खुंटावर कलम करावे लागते. म्हणून सातशे वर्षांपूर्वीची एखादी द्राक्षजात आज आहे याचा अर्थ तिची संतती आहे असा नव्हे. तोच देह, एका हातातून दुसऱ्या हातात काडीच्या रूपाने जात, आजवर आलेला असतो. मधल्या एका पिढीने काडी लावली नाही की साखळी तुटली. मग ती कोणत्याही ग्रंथात नोंदलेली असून उपयोग नाही.

फ्रिउलीच्या या पूर्व टेकड्यांत काळ्या द्राक्षांच्या चार स्थानिक जाती नावाजलेल्या होत्या. रेफोस्को, जिच्या घडाचा देठ पिकताना लाल होतो. स्किओपेत्तीनो, जिच्या नावात फुटण्याचा, तडतडण्याचा ध्वनी आहे. मणी दाताखाली तडकतो म्हणून हे नाव पडले असे काही म्हणतात, तर काहींच्या मते बाटलीतल्या रसाच्या फसफसण्यामुळे. सीमेपलीकडचे स्लोव्हेनियन लोक तिला पोकाल्त्सा म्हणतात आणि त्या शब्दातही तडकण्याचाच अर्थ आहे. तिसरी पिन्योलो. तिचा घड लहान आणि गच्च, पाइन वृक्षाच्या शंकूसारखा असतो, त्यावरून हे नाव. चौथी तात्सेलेंगे, म्हणजे फ्रिउलान भाषेत ‘जीभ कापणारी’. आपल्याकडे भांडखोर माणसाला ठेवावे तसे हे नाव शेतकऱ्यांनी पिकाला ठेवले आहे.

या जातींच्या प्राचीनत्वाविषयी उत्पादक मंडळी पुष्कळ काही सांगतात. स्किओपेत्तीनोचा धागा ते १२८२ सालच्या एका विवाहसोहळ्यापर्यंत नेतात. रेफोस्कोबाबत तर सम्राट ऑगस्टसच्या पत्नीचे, लिव्हियाचे, नाव घेतले जाते. आपल्या दीर्घायुष्याचे श्रेय ती पुचिनुम नावाच्या द्राक्षारसाला देत असे, ही प्लिनीने नोंदवलेली हकिकत खरी आहे. पण तो रस याच वेलीचा होता हे कशावरून? दोन हजार वर्षांपूर्वीच्या नावावरून आजची वेल ओळखण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पिन्योलोचा आणि रोझात्सोच्या टेकडीचा संबंध मात्र जुना आहे, एवढे नक्की.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतून भुरी रोग युरोपात आला. आमच्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. पिन्योलो या रोगाला फार लवकर बळी पडते. त्यात तिचे उत्पन्न मुळातच कमी. शेतकऱ्याने ती सोडली तर त्याला दोष कसा द्यावा? त्यानंतर आला फिलॉक्सेरा. माव्याच्या जातकुळीतील ही कीड मुळांवर जगते आणि वेल आतून मारते. १८६० नंतर तिने फ्रान्सचे मळे उजाड केले आणि शतक संपण्याच्या आत ती इटलीत पसरली. उपाय एकच सापडला: या किडीला तोंड देण्यास सरावलेल्या अमेरिकन वेलीचा खुंट घ्यायचा आणि त्यावर युरोपीय काडीचे कलम करायचे. आज महाराष्ट्रातील द्राक्षबागाही बहुतांशी डॉगरिजसारख्या अमेरिकन खुंटांवरच उभ्या आहेत, जरी आपल्याकडे त्यामागचे कारण खारे पाणी आणि अवर्षण हे आहे.

आमच्या मते खरी हानी किडीने केली नाही. तिने केवळ प्रश्न उभा केला. सगळा मळा उपटून नव्याने लावायचाच आहे, तर नव्या खुंटावर कोणती काडी बांधावी? त्या क्षणी प्रत्येक शेतकऱ्याला निवड करावी लागली, आणि बहुतेकांनी फ्रान्सच्या मेर्लो आणि काबेर्नेची निवड केली. मेर्लो वेळेवर पिकते, भरपूर देते, तिचा रस मऊ असतो आणि लवकर विकला जातो. पावसाळी शरद ऋतूत उशिरापर्यंत झाडावर राहणारी, कधी नीट फळ न धरणारी स्किओपेत्तीनो कोण लावणार? एकेका शेतकऱ्याचा निर्णय शहाणपणाचा होता. सर्वांचे निर्णय एकत्र झाले तेव्हा चार जाती नाहीशा व्हायला निघाल्या. राजेळी केळी आणि सुकेळी आपल्या वाड्यांतून कशी मागे सरली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नको.

मग युद्ध आले. या टेकड्यांच्या पायथ्याशी युद्रियो नावाची लहानशी नदी वाहते. १८६६ पासून तीच इटली आणि ऑस्ट्रिया यांची सरहद्द होती. १९१५ च्या मे महिन्यात त्या आघाडीवरची पहिली गोळी रोझात्सोजवळच्या व्हिसिनाले या वस्तीत, युद्रियोच्या पुलापाशी झाडली गेली असे मानतात. १९१७ च्या ऑक्टोबरात कापोरेत्तोच्या पराभवानंतर सारे फ्रिउली वर्षभर शत्रूच्या ताब्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तीच सीमा युगोस्लाव्हियाची झाली. तरुण माणसे कोणी परदेशी गेली, कोणी मांझानोच्या खुर्च्यांच्या कारखान्यांत. लाकडी खुर्च्यांसाठी तो परिसर प्रसिद्ध झाला आणि डोंगरावरच्या बांधांवर झुडपे माजली.

एवढ्यावर भागले नाही. १९७० मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने द्राक्षजातींच्या वर्गवारीचे नियम केले. प्रत्येक जिल्ह्यासाठी शिफारस केलेल्या आणि परवानगी असलेल्या जातींच्या याद्या ठरल्या. यादीबाहेरची वेल नव्याने लावणे बेकायदेशीर झाले. युरोपात नको तेवढी वाईन तयार होत होती, तिला आळा घालण्याचा हेतू वाईट नव्हता. पण याद्या तयार झाल्या त्या त्या वेळी मळ्यांत काय दिसत होते त्यावरून. स्किओपेत्तीनो, पिन्योलो आणि तात्सेलेंगे उदिने जिल्ह्यात जवळजवळ दिसतच नव्हत्या, म्हणून यादीत आल्या नाहीत. आणि यादीत नाहीत म्हणून यापुढे दिसणार नव्हत्या. रेफोस्को तेवढी वाचली. कागदाने मारलेले माणूस जिवंत असल्याचे सिद्ध करताना किती दमछाक होते, हे आपल्या तहसील कचेऱ्यांची पायरी चढलेल्या वाचकांना ठाऊक आहे. त्या वेलींची गत तीच झाली.

त्याच साली पाओलो आणि दीना रापुत्सी हे जोडपे प्रेपोत्तो गावाजवळच्या चाल्ला या दरीत राहावयास आले. त्यांनी एक ओसाड मळा घेतला आणि तेथे स्थानिक जातीच लावायच्या असे ठरवले. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी स्किओपेत्तीनोचे नाव होते. वेल मात्र कुठे दिसेना. प्रेपोत्तोच्या तत्कालीन महापौरांच्या साहाय्याने त्यांनी बांधाबांधावर शोध केला. परसात, दुसऱ्या जातींच्या ओळींत मिसळलेल्या, सुट्यासुट्या अशा शंभराहूनही कमी वेली सापडल्या. त्यांच्या काड्यांवर त्यांनी नवा मळा उभा केला. तो लावणे कायद्याविरुद्ध होते, हे त्यांना माहीत होते.

येथे आणखी एका घराण्याचा उल्लेख आवश्यक आहे. पेर्कोतो गावचे नोनीनो हे द्राक्षाच्या चोथ्यापासून ग्राप्पा नावाचे मद्य गाळणारे कुटुंब. एकेका जातीचा चोथा वेगळा गाळून पाहण्याच्या खटपटीत जुन्या जाती उरलेल्याच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. १९७५ च्या नोव्हेंबरात त्यांनी ‘रिसित दाउर’, म्हणजे ‘सोन्याची काडी’, नावाचे पारितोषिक जाहीर केले. या विस्मृत वेली जो लावील त्याचा गौरव करावयाचा, असा त्याचा हेतू. १९७६ मध्ये ते रापुत्सी दांपत्यास मिळाले. कायद्याने ज्या कृत्याला दंड सांगितला होता त्यालाच भरसभेत बक्षीस मिळाल्यावर अधिकाऱ्यांपुढे पेच पडला. गावानेही परवानगीची मागणी लावून धरली आणि काही वर्षांतच या जातींना यादीत प्रवेश मिळाला. पारितोषिकाची पुढची कथा साहित्याच्या वाचकांना विशेष वाटेल: त्याला लवकरच वाङ्मयीन पुरस्कारांची जोड मिळाली, आणि व्ही. एस. नायपॉल यांनी त्याच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद अनेक वर्षे भूषविले.

त्याच १९७६ सालच्या ६ मे रोजी फ्रिउलीत भूकंप झाला. सुमारे हजार माणसे मेली, जेमोना आणि वेन्झोने ही गावे कोसळली, सप्टेंबरात पुन्हा धक्के बसले. आधी कारखाने, मग घरे आणि शेवटी चर्च उभारावीत, अशी भूमिका त्या वेळी उदिनेचे आर्चबिशप आल्फ्रेदो बात्तिस्ती यांच्या नावे सांगितली जाते. अशा वर्षी मूठभर लोक वेलींच्या काड्या गोळा करत हिंडत होते, हे काहींना चैनीचे वाटेल. आमच्याबरोबरच्या धर्मगुरूंना ते तसे वाटत नाही. ज्यांचे सगळे पडले ते उरलेले मोजू लागतात, असे ते म्हणाले.

आता रोझात्सोच्या मठाकडे परत यावे. अठराव्या शतकापासून तो उदिनेच्या आर्चबिशपांकडे आहे. तेथे पिन्योलोच्या काही जुन्या वेली तग धरून राहिल्या होत्या. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाल्तेर फिलिपुत्ती या द्राक्षतज्ज्ञाने त्यांच्या काड्या घेऊन कलमे केली आणि पिन्योलो पुन्हा मळ्यात आली. पिन्योलो ‘मठाने वाचवली’ असे जे म्हणतात ते एवढ्यावरूनच. मठाच्या भिंतीपाशी उभे राहून आम्हांला वाटले, तिला कोणी जाणूनबुजून वाचवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मठवासी केव्हाच गेले होते. जमीन ख्रिस्तसभेची असल्यामुळे ती तुकड्यांनी विकली गेली नाही, आणि घाईने नफा काढण्याची निकड नसल्यामुळे त्या वेली कोणी उपटल्या नाहीत. उपेक्षेनेही कधी कधी रक्षण होते. पण वेलीजवळ जाऊन काडी कापणारा माणूस शेवटी यावाच लागतो, आणि येथे तो झगा घातलेला नव्हता.

दुपारी आम्ही प्रेपोत्तोच्या बाजूस एका लहान कुटुंबाच्या तळघरात गेलो. घरातलीच माणसे राबतात आणि चारही जातींचे रस वेगवेगळे ठेवतात. यजमान ऐंशीच्या घरातले. पोरवयात ते मांझानोला खुर्च्यांचे पाय घासत. बापाने जुन्या वेली उपटून मेर्लो लावली तेव्हा खड्डे खणायला तेही होते. धर्मगुरूंनी दुभाष्याचे काम केले. आम्हा तिघांपैकी कोणालाही या पेयाची पारख नाही; नाताळात घरी मनुकांची वाईन करतात तेवढाच आमचा अनुभव. त्यामुळे जाणकारांचे शब्द बाजूस ठेवून आम्ही आपल्या षड्रसांचाच आधार घेतला, आणि तो पुरेसा ठरला.

प्रथम रेफोस्को. गडद, जांभळाची आठवण देणारी, शेवटी किंचित कडवट. सरळ आणि धट्टीकट्टी. तिच्या नंतर स्किओपेत्तीनो आली आणि पेला नाकाशी नेताच आमच्यातले दोघे एकदम म्हणाले, ‘मिरी!’ तिसऱ्याला काहीच आले नाही. त्याला वाटले, आपण थट्टा करतो आहोत. याचे शास्त्रीय कारण आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये शिराझ द्राक्षातील मिरीचा वास रोटुंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो हे दाखवले; काळ्या मिरीचा दरवळही त्याच द्रव्याचा. पुढे इटलीतील संशोधकांना ते स्किओपेत्तीनोत भरपूर आढळले. आणि त्या ऑस्ट्रेलियन पाहणीत दर पाच माणसांमागे सुमारे एकाला हा वास मुळीच जाणवला नव्हता. मलबारची मिरी अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला जाई आणि सोन्याच्या मोलाने विकली जाई. व्हेनिसच्याच अमलाखालील या टेकड्यांवरचा गरीब कुणबी मात्र ती विकत न घेता आपल्या पेल्यात हुंगत होता! चवीला ही हलकी, थोडी आंबटसर, झणझणीत नव्हे. चौघींत हीच आम्हांला सर्वांत जवळची वाटली. त्यात मलबारचा पक्षपात असेल.

तिसरी तात्सेलेंगे. नाव सार्थ आहे. आमसुलाचे पाणी साखरेवाचून घ्यावे तसे झाले, आणि त्यामागोमाग तुरटपणाही आला. यजमान हसले. ही तर सहा वर्षे मुरलेली आहे, नवी असती तर तुम्ही थुंकली असती, असे त्यांनी सांगितले. पण डुकराच्या मांसाच्या चरबट तुकड्याबरोबर दुसरा घोट घेतल्यावर तीच जीभ कापणारी जीभ धुणारी झाली. डुकराच्या विंदालूत सिरका का घालतात हे ज्याला कळते त्याला तात्सेलेंगे कळेल. शेतावर मीठ लावलेल्या मांसावर राहणाऱ्या माणसांनी ती का लावली असेल, याचा उलगडा आम्हांला ग्रंथांपेक्षा त्या तुकड्याने केला.

शेवटी पिन्योलो, दहा वर्षांपूर्वीच्या हंगामाची. तुरट. कच्च्या केळ्याची साल चावल्यावर किंवा ओली सुपारी खाल्ल्यावर तोंड आवळते, तसे. द्राक्षाच्या सालीत आणि बीत टॅनिन असते, ते लाळेतील प्रथिनांना पकडते, म्हणून ही ओढ जाणवते. आणि लहान मणी, जाड साल यांमुळे पिन्योलोत ते फार. पण या तुरटपणाच्या मागे, बऱ्याच वेळाने, सुकवलेल्या फळांसारखा एक गोडवा उमटला आणि टिकून राहिला. दहा वर्षे होऊनही ती तयार झालेली नव्हती. मठाची वेल ती हीच, हे आम्हांला आता पटले. शेतकऱ्याला इतकी वर्षे थांबणे परवडत नाही, संस्थेला परवडते.

चौघींना शेजारी शेजारी ठेवल्यावरच ध्यानात आले की, ज्या गुणाने एकेक जात वेगळी ठरते त्याच गुणाने तिला मळ्याबाहेर घालवले. आंबटपणा, तुरटपणा, उशीर, थोडके उत्पन्न. मेर्लोत यांतले काहीच नाही. यजमानांनी मेर्लोचीही बाटली आणली. ती चवीला चांगली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घर तिच्यावर चालते, हेही त्यांनी सांगितले. स्किओपेत्तीनोला आता गिऱ्हाईक आहे, पिन्योलो परदेशी जाते. तात्सेलेंगे मात्र कोणी मागत नाही. साऱ्या जगात तिचे क्षेत्र मोजक्या हेक्टरांपलीकडे नाही, आणि या घरी तिची एकच ओळ आहे. ती उपटून तेथेही स्किओपेत्तीनो लावावी, असे मुलाचे म्हणणे. मुलगा तेथेच उभा होता. त्याने ते नाकारले नाही. हिशेब त्याच्याकडे असतो. म्हातारे काही बोलले नाहीत. बापाच्या हाताखाली त्यांनी स्वतः खड्डे खणले होते. मुलाला ते काय सांगणार?

आम्ही ती ओळ पाहिली. पश्चिमेकडच्या उतारावर, मेर्लोच्या दोन ओळींच्या पलीकडे, बोटांएवढ्या जाड लाल काड्यांच्या साठ-सत्तर वेली. तोडणी नुकतीच आटोपली होती आणि पानांवर पिवळेपणा चढत होता.

परतताना प्रत्येकाला दोन लिटरची मुभा, म्हणून प्रत्येकी दोन बाटल्या आम्ही आणल्या. त्यांतली एक तात्सेलेंगेची आहे. द्राक्षारसाला वसईचा वैशाख मानवत नाही, म्हणून ती आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या, जाड भिंतींच्या कोठीत ठेवली आहे. आणखी पाच वर्षे उघडू नका, असे बजावून यजमानांनी ती दिली होती. त्या ओळीचे काय झाले, हे आम्ही धर्मगुरूंना पत्राने विचारले. यंदाच्या फेब्रुवारीत त्यांचे उत्तर आले. ते मुद्दाम तिकडे जाऊन आले होते. ओळ छाटलेली होती, उपटलेली नव्हती. आणि छाटलेल्या काड्यांच्या दोन जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तळघराच्या दाराशी ठेवलेल्या त्यांनी पाहिल्या.